पनीर घातलेल्या पुटीनला पुटीन म्हणायचं का?

मॉन्ट्रियलकर

गेल्या शनिवारी टोरांटोला मावसभावाकडे गेलो होतो. "तुमच्यासाठी खास पुटीन केलंय" म्हणत वहिनीनं ताटली पुढे केली. फ्रोझन फ्राइज, वर पनीरचे चौकोनी तुकडे आणि त्यावर लालसर पंजाबी ग्रेव्ही. चवीला झकास होतं, दोनदा मागून घेतलं. पण भावाच्या लेकीनं विचारलं, "काका, मॉन्ट्रियलला असंच असतं ना?" आणि वहिनीकडे बघत मी "हो" म्हणून मोकळा झालो. ते "हो" अजून घशात अडकलंय, म्हणून हा धागा.

अकरा वर्षं क्वेबेकात, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतात राहतोय. पुटीन मूळचं इथलंच. इथे कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाला देपानेर म्हणतात. तिथे गल्ल्याशेजारी चीजच्या दाण्यांच्या पिशव्या ठेवलेल्या असतात, त्याही फ्रिजबाहेर. ताजं चीज पहिले चोवीस तास तसं विकायला इथे मुभा आहे. पिशवीला आतून दव धरलेलं असतं. दाणे बोटाएवढे, वेडेवाकडे, किंचित खारट. दाताखाली आला की नवी कोल्हापुरी चप्पल करकरते तसा आवाज येतो. इथली माणसं त्याला लाडानं "स्क्विक स्क्विक" चीज म्हणतात. गरम फ्राइजवर हे दाणे पसरायचे आणि वरून कढत तपकिरी सॉस ओतायचा. दाणा कडेनं मऊ पडतो, पण विरघळत नाही आणि आतून करकरतच राहतो. माझ्या मते सगळं पुटीन त्या आवाजात आहे.

घरी काय वाट्टेल ते करा, पण नाव वेगळं द्या. चुकत असेन तर सांगा.

भुकेला_वाघ

"पनीर मखनी, सोबत फ्राइज." घ्या, दिलं नाव. भांडण मिटलं, जेवायला बसा.

ब्रॅम्प्टनची_सुगरण

मिटलं कसं? माझ्या घरातली पाच माणसं शाकाहारी आहेत. तुमचा तो पारंपरिक तपकिरी सॉस कोंबडीच्या आणि बीफच्या स्टॉकवर होतो, हे दादा शिताफीनं गाळून गेलेत. म्हणजे सासूबाईंनी पुटीन खायचंच नाही का?

आणि परंपराच काढायची तर पूर्ण काढा. १९५७ साली वॉरविक गावात फेर्नां लाशांस यांच्या हॉटेलात एका गिऱ्हाइकानं फ्राइज आणि चीज एकाच पिशवीत घालून मागितलं. "याचा भलताच राडा होईल" अशा अर्थाचं काहीतरी मालक बोलले, आणि त्यांच्या तोंडचा तो "पुटीन" शब्दच नाव होऊन बसला, असं सांगतात. त्या पिशवीत सॉस नव्हताच! तो नंतर आला. ड्रमंडव्हिलचे हॉटेलवाले झाँ-पॉल रॉय म्हणायचे की तिन्ही एकत्र करून १९६४ मध्ये आपणच पहिल्यांदा विकलं. जिथे जन्मदात्यांचंच एकमत नाही, तिथे माझ्या पनीरला दाराबाहेर उभं करणारे तुम्ही कोण?

दाणे मी वापरून पाहिलेत. आमच्याकडे मिळतात ते फ्रिजमधले थंडगार. ना आवाज, ना रूप, वर पनीरच्या दुप्पट किंमत. रबर चावल्यासारखं लागतं. त्यापेक्षा ताजं पनीर शंभर पटीनं बरं.

मॉन्ट्रियलकर

सॉसपुरती सपशेल माघार. शाकाहारी सॉस इथे मॉन्ट्रियलमध्येही सर्रास मिळतो, त्यानं पुटीनचं काही बिघडत नाही. तो पळीवाढी हवा, मिरपूड झणझणीत हवी आणि किंचित आंबटपणा हवा, बस. चीजवर मात्र हटणार नाही. आणि पंजाबी ग्रेव्हीला सॉस म्हणायलाही माझी तयारी नाही.

दुधाचा_माणूस

डेअरीत उमेद गेली, म्हणून तोंड घालतो. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे.

पनीर आंबटानं फाटतं. दूध उकळीच्या जवळ नेऊन त्यात लिंबू किंवा सायट्रिक आम्ल घातलं की केसिन हे दुधातलं मुख्य प्रथिन घट्ट होऊन बसतं आणि निवळीतली प्रथिनंही त्यालाच चिकटतात. त्या आम्लात कॅल्शियम सुटून निवळीबरोबर निघून जातं. चीजचा दाणा रेनेटनं (दूध जमवणारं एन्झाइम, मुळात वासराच्या पोटातलं), कोमट दुधात जमतो. तिथे कॅल्शियम केसिनला धरून राहतं, त्यामुळे लांब, ताणलेलं, लवचीक जाळं तयार होतं. दातावर घासून वाजतं ते हे जाळं. हलुमी चीज वाजतं तेही याच कारणानं. दिवस उलटला की दाण्यातला आंबटपणा वाढत जातो, जाळं ढिलं पडतं आणि आवाज बसतो. म्हणजे ब्रॅम्प्टनच्या ताई, तुम्ही खाल्लेले दाणे खोटे नव्हते, शिळे होते. एक करून बघा. मूठभर दाणे मायक्रोवेव्हमध्ये पाच-दहा सेकंद नुसते कोमट करा. बऱ्याचदा आवाज परत येतो, थोड्या वेळापुरता का होईना.

रेनेटची धास्ती असेल तर पाकीट वाचा. "मायक्रोबियल एन्झाइम" लिहिलेलं असेल तर ते वासराच्या पोटातलं नाही.

घरी करायचे असतील तर चार लिटर पूर्ण सायीचं दूध घ्या. टेट्रापॅकचं अतिउष्ण केलेलं चालत नाही, ते रेनेटनं धड जमत नाही. दूध ३२ अंशांवर आणून चीजचं विरजण घाला, पाऊण तासानं पाण्यात कालवलेलं रेनेट. दही घट्ट लागलं की सुरीनं बोराएवढे तुकडे करा आणि हलक्या हातानं ढवळत अर्ध्या तासात ३८-३९ अंशांपर्यंत न्या. निवळी काढून टाका. खाली जो गोळा बसेल त्याच्या लाद्या करून, एकावर एक रचून, दर पंधरा मिनिटांनी उलटत राहा. दोनेक तासांत तो उकडलेल्या कोंबडीच्या छातीसारखा धाग्याधाग्यानं सुटायला लागतो (शाकाहारी मंडळींनी उपमेची माफी द्यावी). मग हातानं फाडून मीठ चोळायचं. चार लिटरांत जेमतेम चारशे ग्रॅम होतं. सकाळी सुरू केलंत तर संध्याकाळी खाल.

सदाशिवपेठी

म्हणजे एका ताटलीसाठी अख्खा रविवार. त्यापेक्षा विमानाचं तिकीट स्वस्त पडेल.

मी पुण्यात करून पाहिलं, तेव्हाची कथा ऐका. चीज म्हणून मोझरेलाचे तुकडे टाकले. सॉस पडताच त्याची दोरी झाली, काट्याबरोबर ताटलीतलं सगळंच वर उचललं गेलं. पण खरी फजिती बटाट्याची. बाहेरून दोन मिनिटांत काळेकुट्ट, आत कच्चे. आणि चवीला चक्क गोड! बायको म्हणाली, रताळी आणलीस का?

दुधाचा_माणूस

कोल्ड स्टोरेजचा बटाटा. थंडीत त्यातल्या पिठाची साखर होते आणि तळताना ती लगेच करपते. आणल्यावर आठ-दहा दिवस टोपलीत, फ्रिजबाहेर ठेवा. साखर बरीच कमी होते.

मॉन्ट्रियलकर

आणि दोनदा तळा. कापून अर्धा तास थंड पाण्यात, मग पंचानं अगदी कोरडे करा. १६० अंशांना पाच-सहा मिनिटं, रंग न येऊ देता. काढून पूर्ण गार करा. आयत्या वेळी १९० ला. सॉसखाली दहा मिनिटं तग धरायची असते त्यांना.

शेरब्रूकची_सई

तुम्ही सगळे चीजवर अडलात. मला वेगळीच गोष्ट खटकते. कॅनडाबाहेरच्या प्रत्येक लेखात पुटीन "कॅनडाचा राष्ट्रीय पदार्थ" असतं. मार्च २०१६ मध्ये व्हाइट हाउसला कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांच्यासाठी मेजवानी झाली, तिथेही चिमुकली पुटीनं होती. इथली माझी शेजारीण सत्तरीची आहे. ती सांगते, तरुणपणी पुटीन म्हणजे गावंढळांचं खाणं होतं. इंग्रजी बोलणारे त्यावरून क्वेबेकवाल्यांना हिणवायचे. निकोला फाबिएन-उएलेत या अभ्यासकानं हाच मुद्दा मांडला होता, २०१७ मध्ये त्यावर बराच धुरळा उडाला. जोवर लाज वाटण्याजोगं होतं तोवर ते क्वेबेकचं, मिरवायची वेळ आली तसं ते कॅनडाचं. उद्या कोणी वडापावला "इंडियन बर्गर" म्हटलं तर चिडता ना?

भुकेला_वाघ

सई, वडापावातला बटाटा बाहेरचा, मिरची बाहेरची, पाव पोर्तुगिजांचा. मग आपण तरी कोणत्या तोंडानं चिडायचं?

शेरब्रूकची_सई

घेतल्याबद्दल कोण बोलतंय? घ्या की. "पाव" हा शब्द आपण त्यांच्याकडून घेतला आणि अजून तसाच म्हणतो. ब्रॅम्प्टनच्या ताईंनी पनीर घातलं तर माझी हरकत नाही, त्यांनी वॉरविकचं नाव घेतलं. या धाग्यात ते घेणाऱ्या त्या पहिल्याच.

ब्रॅम्प्टनची_सुगरण

ऐका दादा, ऐका.

सदाशिवपेठी

उच्चार नक्की काय? मी पुटीन म्हटलं की पोरगा विचारतो, त्या रशियाच्या पुतिनचं काय आता?

शेरब्रूकची_सई

क्वेबेकात "पुत्सिन"च्या जवळपास. आणि हसू नका, फ्रेंचमध्ये दोघांचं स्पेलिंग खरंच एक आहे. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा ड्रमंडव्हिलच्या त्या रॉय यांच्या हॉटेलानं काही काळ आपल्या जाहिरातीतून हा शब्दच काढून टाकला होता.

मॉन्ट्रियलकर

सईचा मुद्दा डोक्यात घोळतोय. मी आवाजासाठी भांडत होतो, पण वॉरविक काय किंवा ड्रमंडव्हिल काय, अकरा वर्षांत एकदाही गेलेलो नाही. मॉन्ट्रियलपासून तास-दोन तासांवर आहेत. असो. पुतणीला फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं, तुम्ही आईला घाबरता."

शाकाहारी सॉसची कृती कोणी टाकेल का? पुढच्या खेपेला दाणे घेऊन जाईन म्हणतो.

ब्रॅम्प्टनची_सुगरण

घ्या. दोन कांदे लोण्यात अगदी गडद तपकिरी होईपर्यंत परता. घाई केलीत तर रंग येत नाही, मग लोक सोया सॉस ओतत बसतात आणि सॉस खारट होतो. दोन चमचे मैदा घालून बदामी करा. वाळलेले शिटाके मशरूम भिजवलेलं पाणी दोन वाट्या, थोडं थोडं घालत घोटा, गुठळी राहू देऊ नका. चमचाभरच सोया, भरपूर मिरपूड, उतरवताना चमचाभर व्हिनेगर. गाळून घ्या.

आज तोच केला. दाणेही आणले, तुमच्या शब्दाखातर. निम्म्या ताटलीत दाणे, निम्म्यात पनीर. दाणे दहा सेकंद कोमट केले. सासूबाईंना काही सांगितलं नव्हतं. एक दाणा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अगं, हे वाजतंय!" नंतरचे सगळे गप्प बसले, पण तो एक वाजला.

पनीर आधी संपलं, हेही लिहून ठेवते.