मदत हवी आहे: 'हायब्रिड' म्हणून नेमकी कोणती गाडी घ्यावी?
नमस्कार मंडळी. जळगावात राहतो, कामासाठी धुळ्याला सतत जाणं-येणं असतं. हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी, घ्यायचा विचार आहे. एका शोरूममध्ये माइल्ड हायब्रिडच नुसती 'हायब्रिड' म्हणून दाखवली. तिची मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, निव्वळ बॅटरीवर गाडी चालत नाही. २०२२ मध्ये आलेल्या मारुतीच्या ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाच्या हायरायडर या गाड्यांमधली स्ट्राँग हायब्रिड मात्र कमी वेगात इंजिन बंद ठेवूनही चालते. दोन्हींना एकच नाव लावलं तर गिऱ्हाइकाने विश्वास कसा ठेवायचा? मला हे फार खटकतंय.

खान्देशात स्ट्राँग हायब्रिड वापरणाऱ्यांनी कृपया सांगा: मे महिन्याच्या उन्हात एसी लावून मायलेज किती पडतं? महामार्गावर फायदा टिकतो का? आणि बॅटरीचं काम निघालं तर ते इथेच होतं की गाडी नाशिकला न्यावी लागते?