सबमरीनरचं कडं: विटणारं बरं की न विटणारं?

दर्याकिनारा:
माझे काका मर्चंट नेव्हीत होते. 1994 साली त्यांनी सिंगापूरला रोलेक्स सबमरीनर घेतलं, मॉडेल 16610, 40 मिलिमीटरचं. तबकडीभोवतीच्या फिरत्या कड्यात ॲल्युमिनियमची काळी चकती. ऊन आणि खारा वारा खाऊन ती आज राखाडी झालीय. तबकडीवरचे ठिपके अंधारात चमक देणाऱ्या किरणोत्सारी ट्रिशियमचे, तेही पिवळसर पडलेत. काका गेले, घड्याळ माझ्याकडे आलं.

परवा नवं सबमरीनर हातात घेऊन पाहिलं. 2010 पासून कडं सिरॅमिकचं आहे, 2020 पासून घड्याळ 41 मिलिमीटरचं. "याचा रंग कधीच विटणार नाही," विक्रेता कौतुकाने म्हणाला. तिथेच माझं मन उतरलं. तीस वर्षं वापरूनही ज्यावर माणसाची खूण उरणार नाही, ते पुढच्या पिढीला द्यायचं तरी कशासाठी?

लंबक:
साफ असहमत. तुम्ही ज्याला मूळ म्हणताय तेही बदलूनच आलंय. 1953 च्या सबमरीनरला ना तारीख होती, ना चावीच्या दोन्ही बाजूंचे संरक्षक खांदे. ते खांदे 1959 मध्ये आले, तारीख त्यानंतर. काचही आधी ॲक्रिलिकची होती, नीलमणी काच खूप पुढची. काकांचं मॉडेल दुकानात आलं तेव्हाही जुन्या गिऱ्हाइकांनी नाकं मुरडलीच असणार. आपण जे आधी पाहिलं ते आपल्याला अस्सल वाटतं, एवढंच.

आणि हे समुद्रात बुडी मारणाऱ्यांचं घड्याळ आहे. ट्रिशियमचं अर्धायुष्य साधारण 12 वर्षं. काकांचे ठिपके अंधारात आता दिसतच नसतील. नवं रात्रभर निळं चमकतं.

तासकाटा:
मी घड्याळं दुरुस्त करतो, म्हणून दोन्ही आतून पाहिलीत. यंत्रात लंबक यांचं खरं आहे. जुनं 3135 यंत्र सुमारे 48 तास चालतं, नवं 3235 जवळजवळ 70. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी चालूच असतं. जुन्या पट्ट्याचं लॉक पातळ पत्र्याचं, खुळखुळतं. नवं भरीव आहे आणि हत्याराशिवाय सैल-घट्ट करता येतं.

पण 2010 च्या मॉडेलचे पट्टा जोडायचे खांदे फार जाड केले होते, घड्याळ चौकोनी दिसायचं. 2020 मध्ये ते पुन्हा निमुळते केले. म्हणजे तक्रार करणारे चुकीचे नव्हते. शिवाय ॲल्युमिनियमच्या चकतीला पोचा आला तरी ती वापरता येते. सिरॅमिकला जोराचा मार लागला की तडा जातो.

मनगट_साडेपाच:
आकाराबद्दल कोणी बोलतच नाहीये! माझं मनगट साडेपाच इंचांचं. रोलेक्सचंच एक्सप्लोरर हे मॉडेल कित्येक वर्षं 36 मिलिमीटरचं होतं, 2010 मध्ये 39 केलं. मी घ्यायचा विचारच सोडला. 2021 मध्ये परत 36 आलं, तेव्हा घेतलं. मला नवेपणाचं वावडं नाही, पण बारीक मनगटाच्या बायकांना 39 हेच 'योग्य माप' म्हणून अकरा वर्षं ऐकावं लागलं, हे मी विसरणार नाही.

लंबक:
2023 पासून 40 चंही मिळतं. दोन्ही मापं ठेवली तर भांडण कशाला?

मनगट_साडेपाच:
तेच तर. आधीच ठेवायला हवी होती.

दर्याकिनारा:
लंबक, अंधारात दिसत नाही हे कबूल. पण 'एवढंच' हे मान्य नाही. मी ते घड्याळ सर्व्हिसला दिलं तेव्हा दुकानदाराने न विचारता नव्या काळ्या चकतीचा भाव सांगितला, ठिपकेही नवे करून देतो म्हणाला. घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांचं काय राहिलं त्यात?"

तासकाटा, रबरी वॉशर बदलून घ्यायचेत आणि यंत्राला तेलपाणी. बाहेरून पॉलिशसुद्धा नको. एवढंच करून देणार असाल तर घड्याळ तुमच्याकडे घेऊन येतो.

तासकाटा:
या. चकतीला हात लावणार नाही.