वडिलांचे व्हेंटिलेटर काढण्याचा निर्णय नेमका कोणाचा?

फोंडेकर:
माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. मेंदूत मोठा रक्तस्राव झाल्यापासून, म्हणजे गेले १९ दिवस, ते एका खासगी रुग्णालयात व्हेंटिलेटरवर आहेत. ते मेंदूमृत नाहीत, पण शुद्धीवर येण्याची आशा नाही, असे डॉक्टर सांगतात आणि ‘घरच्यांनी काय ते ठरवा’ असे म्हणून पुढच्या खाटेकडे वळतात. बाबांनी लिहून काही ठेवलेले नाही. मात्र माझे काका महिनाभर असेच पडून होते, तेव्हा ‘मला नाकातोंडात नळ्या घालून ठेवू नका’ असे बाबा आईसमोर आणि माझ्यासमोर बोलले होते. दादाला हे पटत नाही. त्याने ग्रामदेवतेला कौल लावला, प्रसाद उजवा झाला, आणि आता यंत्र काढणे म्हणजे बापाला मारणे, असे तो म्हणतो. इस्टेटीसाठी मी घाई करतो आहे, असेही काल त्याच्या तोंडून निघाले. आई काहीच बोलत नाही. शेजारी म्हणतात, ‘डामा’ करून घरी आणा. कायदा काय सांगतो, आणि कायद्याने चालत असले तरी हे योग्य आहे का, असे माझे दोन्ही प्रश्न आहेत.

पणजीचे वकील:
आधी ‘डामा’विषयी. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णाला नेत असल्याच्या कागदावर तुम्ही सही केलीत, की रुग्णालय मोकळे होते, सगळी जबाबदारी तुमच्या माथी येते आणि वडील कदाचित रुग्णवाहिकेतच धापा टाकत जातात. आपल्याकडे वर्षानुवर्षे हेच चालत आले आहे, कारण सरळ मार्ग फार अवघड होता. २०११ मध्ये अरुणा शानबाग (हल्ल्यानंतर कायम निश्चेष्ट राहिलेल्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका) यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्यास तत्त्वतः मान्यता दिली, पण त्यासाठी उच्च न्यायालयाची परवानगी लागे. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदात येतो असे ठरवले. तरीही दंडाधिकाऱ्यांनी स्वतः रुग्णालयात येऊन पाहण्याची अट असल्यामुळे तेव्हा घालून दिलेली पद्धत कागदावरच राहिली. जानेवारी २०२३ मध्ये ती सुटसुटीत झाली. आता रुग्णालयाचे प्राथमिक मंडळ (उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभव असलेले दोन तज्ज्ञ) मत देते, त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर ज्यात असतो असे दुय्यम मंडळ ते तपासते आणि दोघांनीही शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, अशी अपेक्षा असते. निर्णय अमलात आणण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांना केवळ कळवायचे असते. मंडळांत मतभेद झाला तर उच्च न्यायालयाकडे जाता येते. आगाऊ निर्देश (पुढे शुद्ध हरपल्यास कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद) नसला तरी हाच मार्ग कुटुंबाच्या लेखी संमतीने खुला आहे.

इस्टेटीचा संशय मात्र गोव्यात तरी फारसा टिकणारा नाही. आपल्या वारसा कायद्यात मुलांचा हिस्सा राखीव असतो. वडील आज गेले काय किंवा वर्षाने गेले काय, भावाचा वाटा त्यामुळे कमी होत नाही. जाता जाता, २०२४ मध्ये गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचा आगाऊ वैद्यकीय निर्देश नोंदवला. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर तो होतो. तुमच्या आईने आणि तुम्हीही तो करून ठेवावा.

साशंक:
वकीलसाहेबांची माहिती बरोबर आहे, पण सगळे इतके साधे नाही. अरुणा शानबाग व्हेंटिलेटरवर नव्हत्या. केईएमच्या परिचारिका त्यांना चार दशके भरवत होत्या, पुसत होत्या, आणि त्यांना जगू द्यावे असे त्याच परिचारिकांचे म्हणणे होते. न्यायालयाने याचिका फेटाळली ती मुख्यतः त्यामुळे. म्हणजे ‘आशा नाही’ हे वाक्य कोण उच्चारतो, याला फार महत्त्व आहे. गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विमा योजनेची मर्यादा संपली की काही घरांत आशाही संपते, हे मी पाहिले आहे, आणि त्याला स्वेच्छा म्हणणे मला ढोंगीपणाचे वाटते. संसदेने अजून स्वतंत्र कायदा केलेला नाही. २०२४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा काढला, तेव्हा डॉक्टरांवर ताण येईल म्हणून त्यांच्याच संघटनेने विरोध केला. विनोबांनी १९८२ मध्ये अन्न आणि औषध नाकारले ते स्वतः, शुद्धीत. दुसऱ्याने ठरवणे ही निराळी गोष्ट आहे.

म्हापशाची निवृत्त परिचारिका:
साशंक यांचा पैशाविषयीचा मुद्दा मला मान्य आहे. म्हणूनच फोंडेकरांनी आधी स्वतःशी प्रामाणिक राहून पाहावे, की बिल भरलेले असते तरी हाच प्रश्न पडला असता का. पण ‘दुसऱ्याने ठरवणे’ इथे होत नाही. वडील काय म्हणाले होते, त्याला तुम्ही केवळ साक्षीदार आहात. ‘आम्हांला काय हवे’ असे विचारले तर घर फुटते. ‘त्यांना काय हवे होते’ असे विचारले तर निदान सगळे एका बाजूला बसतात. तुमच्या आईंना तेवढेच विचारा, असे मंडळाला सांगा.

आणि भावाला एक विचारा, राग न येईल अशा बेताने: कौल लावताना गाऱ्हाणे काय घातले होते? ‘बाबा बरे होऊ देत’ असे, की ‘बाबांचे हाल संपू देत’ असे? उजवा प्रसाद दोन्हीला मिळू शकतो.

फोंडेकर:
आपणा सर्वांचा आभारी आहे. रुग्णालयाला प्राथमिक मंडळ बसवण्याचे पत्र दिले आहे. ‘असे पत्र इथे पहिल्यांदाच आले,’ असे तिथल्या अधिकारी म्हणाल्या. दादाला विचारले. गाऱ्हाणे भटजींनी घातले होते, त्याला नीट आठवत नाही. नंतर त्यानेच एक विचारले, आणि तेच इथे विचारतो: नळी काढल्यावर बाबांना गुदमरल्यासारखे होते का?

म्हापशाची निवृत्त परिचारिका:
नीट काळजी घेतली तर होऊ देत नाहीत. आधी मॉर्फिन आणि झोपेचे औषध देतात, धाप दिसली तर मात्रा वाढवतात, मगच नळी काढतात. काही रुग्ण तासाभरात जातात, काही दोन-तीन दिवसही राहतात, याची तयारी ठेवा. त्या वेळी खाटेजवळ कोण असेल, ते मंडळाच्या बैठकीतच ठरवून घ्या; अतिदक्षता विभागाच्या भेटीच्या वेळा त्या दिवशी लागू करू नका, असे लेखी मागा. दादांनाही बोलवा.