रोहू लागला की तंगूस गाठीशीच तुटतो: दोर कोणता घ्यावा, गाठ कोणती मारावी?

तापीकाठ_वरणगाव

राम राम मंडळी. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर पेंडीचा गोळा लावून तळाला रोहू-मृगळसाठी गळ टाकतो. १० फुटी रॉड, ४००० नंबरचं रीळ, ०.३५ मिमीचा तंगूस (साधा नायलॉनचा दोर). पुड्यावर १८ किलो ओढ लिहिलेली आहे. शिसं आणि गोळा मिळून वजन ७० ग्रॅमच्या आसपास जातं. या महिन्यात दोनदा मासा लागल्यावर गळाशी तुटला आणि एकदा तर फेकतानाच गोळा दोर तोडून पुढे निघून गेला. गळाला साधी गाठ मारतो: नेढ्यातून दोर ओवून तीन-चार वेढे, टोक परत खालच्या फाशातून. ०.४५ चा जाड तंगूस घ्यावा, ब्रेड (बारीक तंतूंचा विणलेला दोर) घ्यावा, की गाठ बदलावी? कोणत्या दुकानाचा माल चांगला ते नको, पारखायचं कसं ते सांगा.

गिरणाथडी

भाऊ, तुना तंगूस बरा व्हई, गाठ कच्ची शे. पण आधी तुटलेलं टोक बघा. सगळं त्या टोकावर लिहिलेलं असतं.

शेवटचा सेंटिमीटरभर दोर डुकराच्या शेपटीसारखा वळलेला असेल तर तो तुटलेलाच नाही, गाठीतून सरकून निसटला. वेढे कमी पडले किंवा टोक फार जवळ कापलं. टोक सरळ आणि एका जागी तोडल्यासारखं असेल, शेजारचा दोर पांढुरका पडला असेल, तर गाठ कोरडी आवळली गेली आणि नायलॉन घासून कमजोर झाला. टोक खरखरीत असून वरचा वीतभर दोर ओरखडलेला असेल तर गाठीचा दोष नाही, खडकाने कापलं. हतनूरला तळाला काळा पाषाण आणि बुडालेल्या बाभळींची खोडं दोन्ही आहेत.

आता पुड्यावरच्या १८ किलोबद्दल. साध्या नायलॉनचा ०.३० चा दोर साधारण ६ किलो, ०.३५ चा ७ ते ८, ०.४० चा १० आणि ०.४५ चा १२-१३ किलोपर्यंत ओढ घेतो. ०.३५ वर १८ किलो छापलं असेल तर एक तर जाडी खोटी किंवा किलो खोटे. जाडी मोजायला मायक्रोमीटर लागतो. तो गॅरेजवाल्याकडे किंवा लेथवाल्याकडे मिळेल. दोर तीन जागी मोजा. एकाच रिळात ०.३३ आणि ०.३८ अशी खालीवर जाडी निघाली तर तो दोर घेऊ नका, कारण तो सर्वांत बारीक जागीच तुटणार.

दुसरी पारख कापसाची, आणि कापूस आपल्याकडे घरात असतोच. बोळा दोन बोटांत धरून दोर त्यातून हळू ओढा. जिथे तंतू अडकून राहतील तिथे ओरखडा आहे. डोळ्याला दिसत नाही, नखालाही कधी कळत नाही, कापसाला कळतो. रोज पाण्यावर गेल्यावर शेवटचा दीड मीटर असा तपासा आणि शंका आली की कापून टाका.

चोपडा_गळवाला

गाठीचं मी सविस्तर लिहितो. तुमची गाठ ही अर्धीच क्लिंच आहे. वेढे पाच हवेत आणि शेवटचा टप्पा राहून गेला आहे.

पूर्ण रीत अशी. नेढ्यातून १५ सेंमी दोर ओवा. टोक मुख्य दोराभोवती पाच वेळा वळवा. मग टोक नेढ्याला लागून असलेल्या छोट्या फाशातून घाला. आता बाजूला एक मोठा फास तयार झालेला दिसेल, त्यातूनही टोक परत घाला. तो शेवटचा टप्पाच बहुतेक लोक गाळतात. मग गाठ तोंडात धरून ओली करा आणि मुख्य दोर हळू, एकसारखा ओढा. वेढे स्प्रिंगसारखे शेजारी-शेजारी बसले पाहिजेत. एकावर एक चढले तर ती गाठ कापून नवी मारा. "धरेल" म्हणून सोडली तर मासा लागल्यावर वरचा वेढा खालच्याला कापतो. टोक ३ मिमी ठेवून कापा. ०.४५ च्या वर जाड दोराला पाच वेढे नीट बसत नाहीत, तिथे चार पुरे.

पण तळाच्या माशासाठी क्लिंचपेक्षा युनी गाठ बरी. २० सेंमी दोर नेढ्यातून काढा, मुख्य दोराला समांतर धरा, टोक गळाकडे परत वळवून एक मोठा फास करा. टोकाने दोन्ही दोरांना मिळून, त्या फाशाच्या आतून, पाच वेढे द्या. ओली करून आधी टोक ओढा म्हणजे वेढे आवळतील, मग मुख्य दोर ओढा म्हणजे गाठ सरकत नेढ्यापर्यंत येईल. हीच गाठ स्विव्हलला (फिरत्या कडीला) चालते, रिळाला दोर बांधायला चालते आणि दोन दोर जोडायलाही चालते. एकच गाठ अंधारात डोळे मिटून बांधता येईपर्यंत घरी बसून बांधा.

थुंकी किंवा पाणी का लागतं ते समजून घ्या. आवळताना दोर स्वतःवरच घासतो आणि त्या घर्षणाची उष्णता निघायला जागा नसते. नायलॉनचा वरचा थर तिथे मऊ होऊन ताणला जातो. कोरडी आवळलेली गाठ भिंगाखाली बघा, पांढरा खरबरीत पट्टा दिसेल. ओली आवळलेली काचेसारखी स्वच्छ असते.

पेंडगोळा

मी तर म्हणेन सरळ ब्रेड घ्या. ०.२० चा ब्रेड ०.३५ च्या तंगूसापेक्षा जास्त ओढ घेतो, लांब जातो, आणि ताणला जात नसल्याने चावा लगेच हाताला कळतो. गाठ पालोमार मारा: दोर दुहेरी करून नेढ्यातून काढा, साधी सैल गाठ मारा, त्या फाशातून आख्खा गळ काढा, ओली करून दोन्ही दोर एकत्र ओढा.

गिरणाथडी

पालोमार ब्रेडला उत्तम, त्यात वाद नाही. क्लिंच ब्रेडवर घसरते, कारण तो गुळगुळीत असतो. पण दादा, हतनूरच्या तळाला नुसता ब्रेड नको. खडकाच्या धारेवर ताणलेला बारीक ब्रेड घासला की तंतू एकेक करून तुटतात आणि झटका बसला की संपलं. जाड नायलॉन त्याच धारेवर ओरखडे सोसून टिकतो.

आणि ब्रेडच्या ज्या न ताणण्याची तुम्ही स्तुती करता, तेच रोहू-कटल्याला घात करतं. या माशांना जबड्यात दात नसतात, दात घशात असतात. ओठ मऊ असतात. पहिल्या धावेला दोराने थोडं झेललं नाही तर गळ ओठ फाडून बाहेर येतो. नायलॉन रबरासारखा ताणतो, ते इथे कामाचं. मरळसाठी गोष्ट वेगळी. पाणवेलीत मरळ ओढून काढायला ब्रेडच हवा.

ब्रेड वापरायचाच असेल तर पुढे ०.४० चा दीड-दोन मीटर नायलॉन जोडा. जोडाला दुहेरी युनी, म्हणजे प्रत्येक दोराच्या टोकाची दुसऱ्या दोरावर युनी: ब्रेडच्या बाजूला आठ ते दहा वेढे, नायलॉनच्या बाजूला चार-पाच. रिळावर आधी दहा-पंधरा वेढे साधा तंगूस घेऊन मग ब्रेड भरा, नाहीतर पूर्ण ब्रेड स्पूलवर (रिळाच्या चकरीवर) गोल फिरत राहतो आणि ड्रॅग (रिळाचा ब्रेक) घट्ट करूनही काही धरत नाही. अडकलेला ब्रेड हाताला गुंडाळून कधीही ओढू नका, बोट कापतं. काठीला चार वेढे देऊन ओढा.

वाघूर_काठ

फेकताना तुटण्याचं कोणी बोललं नाही. त्याचं कारण गाठ नाही, वजन. ७० ग्रॅम जोराने झुगारलं की क्षणभर दोरावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ येते, आणि ती फक्त गळाशी नाही, रॉडच्या टोकाच्या कडीवर आणि स्पूलवरही येते. जुना अंदाज असा: दर २८ ग्रॅमला ४.५ किलो ओढीचा दोर. म्हणजे ७० ग्रॅमला ११ किलोच्या वर. ०.३५ तिथे कमी पडतो, ०.४५ पुरतो.

पण सगळं रीळ ०.४५ ने भरलं तर लांबी घटते आणि गोळा जवळच पडतो. म्हणून मुख्य दोर ०.३५ ठेवा आणि पुढे ०.४५ चा तुकडा जोडा. लांबी रॉडच्या दुप्पट, अधिक रिळावर चार-पाच वेढे. १० फुटी रॉडला साधारण ७ मीटर. जोड दुहेरी युनी, दोन्हीकडे पाच-पाच वेढे, टोकं अगदी जवळ कापा म्हणजे कडीत अडकणार नाहीत. फेकताना जोड स्पूलच्या मागच्या कडेला ठेवा, बोटाखाली नको.

कडीही तपासा. टोकाच्या कडीतली सिरॅमिक चकती तडकली असेल तर ती प्रत्येक फेकीला दोर तासते. हाच कापसाचा बोळा कडीतून फिरवा.

तापीकाठ_वरणगाव

टोक बघितलं. एक वळलेलं आहे आणि एक सरळ, पांढरं. म्हणजे एकदा सुटली, एकदा जळली. दोन शंका. गाठीवर सुपरग्लूचा थेंब टाकला तर? आणि नवी गाठ किती किलो धरते ते मासा न लागता कसं कळेल?

चोपडा_गळवाला

ग्लू नको. गाठ सुटत नाही हे खरं, पण तिच्या तोंडाशी दोर कडक होतो आणि कडक-मऊच्या सीमेवर तुटतो. पाच वेढ्यांची ओली गाठ ग्लूशिवाय धरते.

मोजायला बादली घ्या. दोराचा मीटरभर तुकडा दोन तास पाण्यात भिजवा, कारण नायलॉन पाणी पितो आणि ओला झाल्यावर थोडा कमजोर होतो. तुम्हाला ओल्याचाच आकडा हवा. वरचं टोक बांधू नका, जाड गुळगुळीत पाइपला सात-आठ वेढे देऊन अडकवा म्हणजे तिथे गाठच नसेल. खाली जाड गळ, त्याला तुमची गाठ, गळात रिकामी बादली, तिचं वजन आधी करून ठेवा. बादली जमिनीपासून चार बोटं वर. आता लिटरच्या मापाने हळू पाणी ओता. एक लिटर एक किलो. चेहरा लांब ठेवा, दोर सटकन वर येतो.

आधी गाठ न मारता, दोन्हीकडे पाइपला वेढे देऊन नुसता दोर कितीला तुटतो ते घ्या. मग तोच दोर गाठ मारून, प्रत्येक गाठ तीनदा. नुसता ७ किलो आणि गाठीसह ६ आला तर गाठ चांगली. ४ वर आला तर कुठेतरी वेढा चढला आहे. तीन वेळा आकडा फार वेगळा येत असेल तर हात बसलेला नाही, अजून बांधा.

जो आकडा येईल त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर ड्रॅग लावा. ६ किलो आला तर ड्रॅग दीड ते दोन. रॉड वाकवून स्प्रिंगच्या काट्याने ओढून बघा, नुसत्या हाताचा अंदाज चुकतो.

वाघूर_काठ

एक राहिलं. रीळ गाडीच्या डिक्कीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि उन्हाने नायलॉन आतून कुजतो. वरून नवा दिसतो, गाठ मारताच तुटतो. कापडी पिशवीत घालून घरात, अंधारात ठेवा. वर्षाला वरचा ५० मीटर तरी बदला.

कापलेला दोर काठावर टाकू नका. थंडीत हतनूरला पाहुणे पक्षी येतात, पायात अडकला की पक्षी उडू शकत नाही. बोटभर लांबीचे तुकडे करून डब्यात घरी न्या.

तापीकाठ_वरणगाव

बादली करतो. पुढचा तुकडा ०.४५, दुहेरी युनी, गळाला युनी. जोडाची टोकं कापताना कात्री वापरू की नेलकटर?

चोपडा_गळवाला

नेलकटर. पण त्याचं पातं मुख्य दोराला लागू देऊ नका. आधी गाठ ३ किलोच्या ओढीने बसवून घ्या आणि मगच कापा, कारण बसताना टोक एक-दोन मिमी आत ओढलं जातं.