मदत हवी आहे: ड्रॅगनची भीती म्हणजे नुसती खेळातली पाळी बुडणं नको, काय बदलू?

नमस्कार मंडळी,

आमचा पाच खेळाडूंचा गट डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, सगळे दहाव्या लेव्हलला, डीएम (खेळ चालवणारी) मी. येत्या रविवारी त्यांची गाठ अ‍ॅडल्ट ग्रीन ड्रॅगनशी पडणार आहे. त्याच्या 'फ्राइटफुल प्रेझेन्स'चं, म्हणजे समोरच्यांना घाबरवून सोडणाऱ्या शक्तीचं, काय करावं ते मला सुचत नाहीये.

मागच्या महिन्यात अ‍ॅडल्ट व्हाइट ड्रॅगन आणला होता. १२० फुटांच्या आत सगळ्यांना विज्डम सेव्ह (भीती टाळायला फासा टाकून त्यात बोनस मिळवायचा), डीसी म्हणजे गाठायचा आकडा १४. आमच्या फायटरचा विज्डमचा बोनस जेमतेम १, त्यामुळे तिला डी२० (वीस बाजूंच्या फाशा) वर किमान १३ हवे होते. प्रत्येक पाळीच्या शेवटी पुन्हा सेव्ह मिळतो, पण ती सलग चार वेळा चुकली. घाबरलेल्याला ड्रॅगनच्या जवळ सरकता येत नाही आणि तो नजरेसमोर असेपर्यंत प्रत्येक हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा). हिच्या हातात ग्रेटसोर्ड, म्हणजे जवळूनच चालवायची तलवार! दोन पाळ्या तिनं लांबून भाले फेकले, एकही लागला नाही. चौथ्या वेळी फासा टाकला, ७ आले. तो तिनं बोटानं हळूच माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "माझं सोड, पुढच्याला दे."

ते मला फार लागलं. शनिवारभर राबून ती येते ती लढायला.

त्याच वेळी पॅलाडिन (धर्मयोद्धा) मात्र निवांत. ऑरा ऑफ करेज या त्याच्या शक्तीमुळे त्याच्या १० फुटांत कुणीच घाबरत नाही आणि क्लेरिक (मंत्र म्हणणारा पुजारी) त्याला चिकटून उभा. म्हणजे एकीची पाळी बुडतेय आणि दोघांना काही फरकच पडत नाही. खरी भीती टेबलावर कुणालाच वाटली नाही.

ग्रीनचा डीसी १६ आहे. फायटरला १५ लागणार. पहिला सेव्ह आणि पुढचे दोन असे तिन्ही चुकण्याची शक्यता ३४ टक्के निघते. आमची लढाई संपतेच चार-पाच राउंडमध्ये.

लढाईआधीचं वातावरण जमलंय असं वाटतं. गुहेच्या मैलभर परिसरात हरणं दिसत नाहीत, पक्षी आणि उंदीर ड्रॅगनचे डोळे-कान असतात, हे मॉन्स्टर मॅन्युअल या खेळाच्या पुस्तकातच दिलंय. मागच्या सेशनला मी एवढंच सांगितलं की तुम्ही चालताय आणि तो एकच साळुंकीसारखा पक्षी तिसऱ्यांदा तुमच्यासमोरच्या फांदीवर येऊन बसलाय. टेबलावर एकदम शांतता झाली. कुणी फासे घेऊन खेळेना. लढाईतही मला हेच हवंय.

माझा कच्चा नियम असा. मराठीत भीती अंगात कुठे शिरते ते आपण किती नेमकं सांगतो! तेच वापरायचं. सेव्ह चुकला की डी४ (चार बाजूंचा फासा). १ आला तर हातपाय गळाले, वेग निम्मा. २ ला बोबडी वळली, साथीदारांना काही सांगता येत नाही (खेळाडूनंही गप्प बसायचं). ३ ला दातखीळ, तोंडानं म्हणायचे मंत्र बंद. ४ ला पाचावर धारण, रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत झटकन करायची कृती) गेली. परिणाम पुढच्या पाळीच्या शेवटापर्यंतच, मूळ नियमासारखा मिनिटभर नाही. बाकी हल्ला करा, पुढे जा, मोकळीक.

दोन शंका आहेत. क्लेरिकला दातखीळ बसली तर त्याचे जवळजवळ सगळे मंत्र गेले, मग त्याचीही पाळी बुडालीच ना? आणि पॅलाडिनचा ऑरा या लढाईपुरता बंद करू का?

---

प्रतिसाद:

ऑराला हात लावू नका. त्यानं दहा लेव्हल घालवून तो मिळवलाय आणि तोच तुमच्या कामाला येईल. ग्रीनचा विषारी श्वास ६० फुटांच्या शंकूत जातो, सरासरी ५६ डॅमेज. भीती टाळायला सगळे पॅलाडिनच्या १० फुटांत गोळा झाले की एका श्वासात सगळे सापडतात. पांगले तर भीती गाठते. हा पेच खेळाडूंना दिसू द्या. पहिल्या राउंडला श्वास एका रिकाम्या झुडपावर सोडा, पानं काळी पडून गळताना दाखवा. मग कुठे उभं राहायचं हे ते स्वतः ठरवतील, आणि ठरवताना घाबरतील.

पाळी खाणारी भीती पूर्वीही होती. चौथ्या आवृत्तीत ड्रॅगन दिसताच पात्र आधी स्टन व्हायचं (काहीच करता यायचं नाही) आणि मग हल्ल्यांना उणे २. आम्ही ते वर्षभर खेळलो. उणे २ चालायचं, स्टनला लोक कंटाळायचे.

डी४ काढून टाका. चार परिणामांतला कुठला तो खेळाडूला निवडू द्या, पण तोच लागोपाठ दोनदा नाही. क्लेरिक दातखीळ स्वतःहून घेणार नाही, आणि घेतलीच तर त्याचा काही बेत असेल. शिवाय शेजारच्यानं आपली अ‍ॅक्शन खर्चून खांदे गदागदा हलवले तर लगेच एक जादा सेव्ह द्या.

---

धागाकर्ती:

श्वास आणि ऑरा एकत्र धरून विचारच केला नव्हता. मनापासून आभार! निवडीचा नियम घेतेय. आता नकाशा बदलायला बसते, गुहेच्या तोंडाशी वाट १५ फूट रुंद होती, ती ४० करते. नाहीतर पांगायला जागाच उरत नाही. एकच राहिलं: निवडताना खेळाडूला वेळ किती द्यावा? मी मनातल्या मनात पाच मोजणार आहे, कुणी दुसरं काही करून पाहिलं असेल तर रविवारच्या आत सांगा.