सोसायटी ग्रुप : नेपाळी वॉचमन, व्हिसा आणि उघडी सीमा

सचिव, ए-१०१ :
सर्व सभासदांना नमस्कार. येत्या सिंहस्थाच्या पार्श्वभूमीवर भाडेकरू आणि कामगार यांची माहिती अद्ययावत ठेवायची असल्यामुळे वॉचमन, घरकामाच्या मावशी आणि ड्रायव्हर यांच्या ओळखपत्रांच्या प्रती रविवारपर्यंत कार्यालयात जमा कराव्यात.

सी-४०३ :
आपला रात्रपाळीचा वॉचमन नेपाळचा आहे. नव्या कायद्याप्रमाणे व्हिसा नसलेल्या परदेशी माणसाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असे मी वाचले आहे. उद्या सोसायटीवर बालंट नको, म्हणून त्याच्याकडे व्हिसा नसल्यास महिनाअखेरीस त्याला कामावरून मोकळे करावे, असे माझे मत आहे.

बी-२०४ :
दादा, आपली काळजी सोसायटीपोटीच आहे हे मी जाणते. पण एखाद्याच्या पोटावर पाय देण्याआधी कायदा शेवटपर्यंत वाचायला हवा. आपण सांगितलेली शिक्षा खरी आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अ‍ॅक्टने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार जुने कायदे रद्द केले आणि वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात येणाऱ्याला ही शिक्षा ठेवली. मात्र त्यासोबतच निघालेल्या सवलतीच्या आदेशात, नेपाळ किंवा भूतानच्या सीमेवरून जमिनीने अथवा विमानाने भारतात येणाऱ्या तिथल्या नागरिकांना पासपोर्ट आणि व्हिसा या दोन्हींतून वगळले आहे. चीन, मकाव, हाँगकाँग किंवा पाकिस्तानातून येणाऱ्याला ही सवलत मिळत नाही, एवढीच मेख आहे. आपला वॉचमन नेपाळच्या अछाम जिल्ह्यातून सीमेजवळच्या महेंद्रनगरला उतरतो, उत्तराखंडातील बनबसाचा पूल ओलांडतो, दिल्लीला येतो आणि तिथून रेल्वेने नाशिकरोडला पोहोचतो. त्याच्याकडे व्हिसा नाही, कारण त्याला व्हिसा लागतच नाही.

हे कोणी केलेले उपकार नाहीत. ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत झालेल्या करारातील सातव्या कलमाने दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना राहणे, मालमत्ता घेणे, व्यापार करणे आणि ये-जा करणे या बाबतींत सारखीच मोकळीक देण्याचे मान्य केले, आणि म्हणूनच आपल्यापैकी जी मंडळी गेल्या वर्षी पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथची यात्रा करून आली, त्यांनाही व्हिसासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही. बिहारच्या सीतामढीपासून नेपाळच्या जनकपूरपर्यंतच्या पट्ट्यात तर आजही रोटीबेटीचे व्यवहार होतात. पंचवटीत सीतागुंफेपुढे हात जोडणाऱ्या आपल्याला सीतामाईचे माहेर परके वाटावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तरीही मी निश्चिंत नाही. याच कराराच्या दहाव्या कलमात कोणत्याही एका बाजूने एक वर्षाची नोटीस दिली की करार संपतो, अशी तरतूद आहे. कराराचा फेरविचार व्हावा ही मागणी नेपाळमध्येही जुनी आहे आणि त्यासाठी २०१६ मध्ये दोन्ही देशांच्या मान्यवरांचा एक गट नेमला गेला होता. पण मला त्याहून जवळची भीती वाटते. करार आहे तसाच राहील, सवलतही कागदावर राहील, आणि तरीसुद्धा बनबसाचा पूल मोकळेपणाने ओलांडून आलेल्या माणसाला नाशिकमध्ये काम आणि खोली मिळणार नाही, कारण कायद्याचे अर्धे वाक्य वाचून आपल्यासारख्या सोसायट्या त्याला दारातूनच परत पाठवतील.

सीमा बंद झाली की काय होते, हे आपण २०२० च्या टाळेबंदीत पाहिले आहे. त्या दिवसांत मुंबई-आग्रा रस्त्याने चालत निघालेल्या माणसांना द्वारका चौकात पाण्याच्या बाटल्या आणि चपात्या वाटायला या ग्रुपमधील निम्मे लोक माझ्यासोबत होते. आपल्या वॉचमनचा धाकटा भाऊ तेव्हा बनबसाला भारताच्या बाजूलाच अडकला होता. पलीकडे त्याचा देश दिसत होता आणि जाता येत नव्हते. उत्तराखंडातील धारचुल्याला तर काही नेपाळी मजुरांनी सीमेवरच्या महाकाली नदीच्या पात्रात उड्या घेतल्या आणि पोहून पैलतीर गाठला. हा आपला माणूस रात्रभर फोन कानाला लावून गेटपाशी बसायचा आणि तरीही त्याने एका रात्रीची पाळी चुकवली नाही. अकरा वर्षे आपण त्याला ‘बहादूर’ म्हणून हाक मारतो. त्याचे खरे नाव वेगळे आहे आणि ते आपल्या नोंदवहीत लिहिलेले आहे, हेही या निमित्ताने सांगावेसे वाटते.

डी-१०२, निवृत्त सुभेदार :
ताईंचे म्हणणे पटते, पण दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य आहे. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले आपले विमान अपहरण करून कंदाहारला नेले गेले, ते मी विसरू शकत नाही. सीमा उघडी असली की तिचा फायदा सज्जन घेतो तसा दुर्जनही घेतो, आणि बनावट नोटा, सोने, अमली पदार्थ या वाटेने येतात. तपासणीला माझा विरोध कधीच असणार नाही.

मात्र माझी काही वर्षे नागालँडमध्ये गेली आहेत. मोन जिल्ह्यात लोंगवा नावाचे कोन्याक लोकांचे गाव आहे. तिथल्या अंघाच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या, घरातूनच भारत आणि म्यानमारची सीमा जाते. गावकऱ्यांची शेते पलीकडे, नातलग पलीकडे. तिथे दोन्ही बाजूंना १६ किलोमीटरपर्यंत व्हिसाशिवाय ये-जा करता येत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ही मोकळीक संपवण्याची आणि १,६४३ किलोमीटरच्या संपूर्ण सीमेवर कुंपण घालण्याची घोषणा केली, तेव्हा मिझोराम आणि नागालँडच्या विधानसभांनी विरोधाचे ठराव केले. पुढे अंतर १० किलोमीटरवर आले आणि पास सुरू झाले. मणिपुरातील हिंसाचारानंतर सरकारला काहीतरी करणे भाग होते, हे मी मान्य करतो. पण तिथल्या म्हाताऱ्यांना स्वतःच्या शेतात जायला पास लागतो, याचा विचार मनातून जात नाही. नेपाळच्या बाबतीत एक दार तर बंद झालेच आहे. १९४७ च्या भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांच्यातील त्रिपक्षीय करारानुसार आपल्या गोरखा पलटणींत नेपाळची मुले भरती होत असत. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आल्यापासून तिथली नवी भरती थांबलेली आहे.

सी-४०३ :
सवलतीचा आदेश मला माहीत नव्हता, त्यामुळे कामावरून काढण्याचा माझा मुद्दा मी मागे घेतो. परंतु ओळख पटवण्यासाठी आपण नेमका कोणता कागद घ्यायचा? आधार कार्ड मागायचे का?

बी-२०४ :
दादा, आपण मोकळ्या मनाने मागे आलात, याबद्दल मी आभारी आहे. सुभेदार काकांचा तपासणीचा मुद्दा मलाही मान्य आहे. ओळख विचारणे आणि हाकलणे यांत फरक राखला की झाले. नेपाळ सरकारने दिलेले नागरिकता प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे आणि ओळखीसाठी तेच घ्यावे. १८२ दिवस भारतात राहिलेल्या नेपाळी नागरिकाला आधारसाठी अर्ज करता येतो, परंतु ते नसल्यास काम नाही, अशी अट आपण घालू नये. सचिव महोदय, प्रत घेऊन मूळ कागद त्याच क्षणी परत करावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. पूर्वी मी राहत होते त्या सोसायटीत एका मुलाचा मूळ कागद कपाटात ठेवून घेतला आणि नंतर तो सापडलाच नाही. ते पोर वडिलांच्या आजारपणातही गावी जायला घाबरत होते.

सचिव, ए-१०१ :
मान्य आहे. सूचना सुधारून आज रात्री पुन्हा पाठवतो. नेपाळी कर्मचाऱ्यांसाठी नागरिकता प्रमाणपत्राची प्रत पुरेशी मानली जाईल आणि मूळ कागद ठेवून घेतला जाणार नाही.

बी-२०४ :
धन्यवाद. आणखी एक विनंती आहे. दसैंसाठी, म्हणजे नेपाळच्या दसऱ्यासाठी, तो वीस दिवस गावी जाणार आहे आणि येताना बनबसाला विचारपूस वाढली तर काय करायचे, असे त्याने मला काल विचारले. तो अकरा वर्षे आपल्याकडे नोकरीला आहे, असे सोसायटीच्या शिक्क्याचे पत्र त्याला द्यावे. सीमेवर सशस्त्र सीमा बलाचे जवान असतात, म्हणून पत्र हिंदीत असावे. मसुदा मी लिहिते. सुभेदार काका, आपण तो एकदा नजरेखालून घालावा, आणि त्यात त्याचे पूर्ण नाव नागरिकता प्रमाणपत्रावर आहे तसेच, एकही अक्षर न बदलता लिहावे.