विल्डबीस्टचं स्थलांतर: ऑगस्ट की फेब्रुवारी?

घोडबंदर रोड, ठाणे: आईला आफ्रिकेतलं विल्डबीस्टचं (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचं) स्थलांतर दाखवायचंय. तिचे गुडघे दुखतात, जीपमध्ये सलग बसवत नाही. कधी जावं?

वाशी: नदी ओलांडणारे कळप हवे असतील तर ऑगस्ट-सप्टेंबर, केनियात मारा नदीवर. पण ते काठावर तासन्‌तास घुटमळतात, कधी माघारीही फिरतात. काकूंना फेब्रुवारीत टांझानियात न्दुतूला न्या. तिथे आखूड गवतात वीण चालू असते. पिल्लू जन्मल्यावर काही मिनिटांतच लटपटत उभं राहतं. मला तर भरून आलं होतं.

नौपाडा: यलो फीवरची (डासांमुळे होणाऱ्या तापाची) लस लागणार असेल, तर ती निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. काकू साठीपुढच्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

घोडबंदर रोड: आई 64 ची आहे. उद्याच विचारते. मग न्दुतूच!